चौदाशे ओळींचा संसार

ऑफिसात त्याला सगळे 'कारागीर' म्हणत, आणि तो ते कौतुक समजे. प्रोग्राम लिहायचा एडिटर त्याने नऊ वर्षं घासूनपुसून आपल्या हाताला बसवला होता. नुसती सेटिंगची फाइल चौदाशे ओळींची. दोन सेकंद वाचवणारा एक शॉर्टकट करायला त्याचे तीन दिवस जात, पण छाती कशी फुगायची!

नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने एका ओळीवर बोट ठेवलं. "ही कशाला हो, सर?"

ओळीवर टीप होती. त्याने ती ऐटीत मोठ्याने वाचली. टीप त्याचीच होती: "ही काय करते आठवत नाही. पण काढू नकोस."

ती हसली नाही, म्हणून जास्तच लागलं. तिरीमिरीत त्याने ती ओळ उडवली. काहीच झालं नाही. मग पुढची, मग त्याच्या पुढची. फाइल रिकामी झाली तरी एडिटर मुकाट चालत राहिला, आणि घासायपुसायला काही न उरल्याने दिवसभराचं काम जेवणाच्या सुट्टीआधीच हातावेगळं झालं.

उरलेली दुपार समोर आ वासून उभी राहिली. तासभर त्याने कसाबसा तग धरला. मग चौदाशेच्या चौदाशे ओळी परत आणल्या आणि त्या टिपेखाली लिहिलं: "सांगितलं होतं ना, काढू नकोस म्हणून!"