शेराचे पाच भारे

"माशाला आडोसा लागतो, भाऊ," असं म्हणून आमच्या खात्यातले ते प्रेसवाले डावा कान पुढं करायचे. आपण काय उत्तर देतो ते ऐकायला. उजवा कान प्रेसखात्यानं केव्हाच खाल्ला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट ही, पिंपरीच्या एका कारखान्यातली. पत्र्यावर प्रेस आदळतो तो आवाज तुमच्यापैकी ज्यांनी ऐकलाय त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकला ते सुखी. मी त्याच खात्यात हजेरी लिहायचो आणि घरी गेल्यावर बायकोशी उगाच ओरडून बोलायचो.

ते चाकणजवळच्या गावचे. शेत एका कारखान्याच्या शेडसाठी गेलं, उरला तो मुरूम काढून नेलेला खड्डा. पावसाळ्यात तो भरला आणि या गृहस्थांनी त्यात रोहूची पिल्लं सोडली. खात्यात चेष्टेला ऊत आला. कोणी विचारायचं, माशांना शिफ्ट कुठली? ते शांतपणे सांगायचे, "कायम फर्स्ट." मला एकट्याला मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं. मासे विकण्याजोगे झाले की राजीनामा. प्रेस सोडला नाही तर दुसराही कान जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण मासे वाढायच्या आत पाणकावळे त्यांना उचलायचे. म्हणून आडोसा. वाळक्या बाभळीच्या फांद्या दगड बांधून तळाशी सोडायच्या. काट्यांत मासा शिरतो, पाखरू शिरत नाही. आमची सुट्टी गुरुवारची. आठवडाभरानं अंग आंबलेलं असायचं, तरी मी त्यांच्या तळ्यावर जायचो. फांदी ओढताना ते तिच्याशीही बोलायचे, "चल बाई, तुला बी ड्युटी लागली." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ नुसतं बसलं तरी बरं वाटतं.

त्या उन्हाळ्यात पाणी कमरेपर्यंत उतरलं. मासे हातभर झाले होते. एका गुरुवारी त्यांना ओव्हरटाइमला बोलावलं. मी म्हटलं, तुम्ही जा, राहिलेल्या फांद्या मी सोडतो. बाभळीनं माझे हात सोलून काढले. बांधावर शेराचं कुंपण होतं. ना पान, ना काटा, हिरव्या काड्यांचा नुसता गच्च झुपका. वाटलं, वा, माशांना याहून चांगली जागा कुठली! मी शहरातला शहाणा. चांगले पाच भारे तोडले, दगडानं ठेचून बसवले आणि पाण्यात दाबले. पांढरा चीक हातांवर ओघळला, तोही तळ्यातच धुतला. त्यांना खूश करायचं होतं मला, दुसरं काही नाही.

शेराच्या चिकानं मासे मरतात, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी त्यांच्याच ओसरीवर मुक्काम केला. सकाळी आम्ही दोघं गेलो तेव्हा सगळे मासे उलटे तरंगत होते.  मग त्यांची नजर त्या ठेचलेल्या काड्यांवर गेली आणि तिथून माझ्या हातांवर. आता शिव्या, मी मनात म्हटलं. हव्याच होत्या मला.

"डोळ्याला हात लावला न्हाई ना?" त्यांनी विचारलं. "डोळं जात्यात त्येनं."

घरी नेऊन त्यांनी माझे हात गोडेतेल आणि राखेनं चोळून काढले, लहान मुलाचे धुवावेत तसे. खात्यात सांगितलं, उन्हानं मासे गेले. राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही. प्रेसवर आणखी नऊ वर्षं काढली. मी रोज त्यांची हजेरी मांडत होतो, आणि रोज ठरवत होतो, आज माफी मागायची. धीर झाला नाही. भित्रा माणूस मी.

ते निवृत्त झाल्यावर एकदा गावी गेलो. अंगणात खाटेवर बसले होते. शेजारी बसून मी एका दमात सगळं बोललो. माझ्यापायी तुम्हाला प्रेसवर राहावं लागलं, मला माफ करा, म्हणालो. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"आता काय बी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "पर बोला तुमी. बरं वाटतं."

मग मी उन्हाचं, खात्याचं, नव्या साहेबाचं काहीबाही बोलत बसलो, आणि ते मान हलवत राहिले. दिवाळीच्या आत ते गेले.