बाहेरचे नावाचं नेटवर्क

मी हात लावलेला राऊटर काकूंनी माझ्यासमोर पुसला.

आधी ओल्या वाइपने. मग देव्हाऱ्यातल्या पळीने त्यावर पाणी शिंपडलं. विजेच्या वस्तूवर. मी म्हटलं, "काकू, शॉर्ट होईल." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "होऊ दे. तू आत कशी आलीस?"

दार उघडं होतं म्हणून आले होते. माझं नेट अडकलं होतं, राऊटर बंद करून चालू करायचा होता, एवढंच. इथे परदेशात, गिरावीन नावाच्या उपनगरात, त्यांच्या घरामागे ग्रॅनी फ्लॅट आहे, म्हणजे परसात बांधलेली दीड खोली. तिथे मी आणि माझी लेक यशू भाड्याने राहतो. नेट त्यांच्याच राऊटरवरून. आणि राऊटर देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, कारण फायबरची तार ज्या कोपऱ्यातून घरात आली तोच नेमका ईशान्य कोपरा निघाला.

त्याआधी मी 'आमची पुण्याची पोरगी' होते. आडनावावरून त्यांना पत्ता लागला नव्हता. गाव विचारून झालं, तुमच्यात लग्नात काय करतात विचारून झालं. मग जयंतीला मी पांढरी साडी नेसून यशूला घेऊन निघाले. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. साडी बघितली, यशूच्या फ्रॉकवरचा निळा बिल्ला बघितला. "अच्छा," म्हणाल्या. तो अच्छा मी लहानपणापासून ओळखते.

राऊटर पुसल्यावर काकांनी आम्हाला वेगळं नेटवर्क करून दिलं. काका म्हणजे काकूंचा नवरा, मोठा इंजिनियर. "सिक्युरिटीसाठी गं. सगळेच करतात." यशूने टॅबवर नाव वाचलं.

"आई, व्हॉट्स बाहेरचे?"

इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी शब्द. त्यांच्या नेटवर्कला देवाचं नाव, आमच्याला हे.

"जे बाहेर राहतात ते."

"लाइक कॅम्पिंग?"

"हो. कॅम्पिंगसारखं."

मग बाथरूममध्ये जाऊन मी स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारल्या. काळंनिळं होईपर्यंत. लेकीशी खोटं बोलले म्हणून.

या देशाने रस्ते खणून फायबर टाकलंय. प्रत्येक घराला सारखी तार, मग शहर काय नि ओसाड गाव काय, असं सांगतात. मी त्याच तारेवर पोट भरते. माझी नोकरी आयटी सपोर्टची. दूर रानात राहणारे पेशंट आणि शहरातले डॉक्टर यांची व्हिडिओवर गाठ घालून द्यायची, लाईन तुटली तर जोडायची. घरूनच करायची, पण पक्क्या तारेवरून. पेशंटची माहिती असते, म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट चालत नाही. नोकरीवर व्हिसा टांगलेला. लाईन गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की यशूची शाळा, सगळंच.

पॉलिसीला मी शिव्या देत नाही. ती नसती तर ही नोकरीच नसती. पण पॉलिसीतलं प्रत्येक घर म्हणजे प्रत्येक पत्ता, आणि पत्ता मालकाचा. परसातल्या दीड खोलीला पत्ताच नाही. वेगळी लाईन हवी तर मालकाने हो म्हणायला पाहिजे. मी विचारलं. खर्च माझा म्हटलं. काका हसले. "भिंतीला भोकं कशाला पाडायची? आम्ही देतोय ना तुला." देतोय. माझ्या आजीच्या ओंजळीत विहिरीवरून पाणी टाकायचे, वरून, लांबून. तेही देतच होते.

सरकारने तार गल्लीपर्यंत आणली. तारेच्या टोकाशी कोण माणूस आणि कोण नाही, ते काकूंनी ठरवलं.

मग त्यांच्याकडे सत्यनारायण निघाला. ऑनलाइन. गुरुजी पुण्यात, झूमवर. सगळे नातेवाईकही झूमवर. शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, नेमकी माझी शिफ्ट. पूजा मध्येच अडकायला नको म्हणून काकूंनी मोबाईलवरून बाहेरच्यांचं नेट बंद केलं. मला कळवलंसुद्धा नाही.

माझ्या स्क्रीनवर एक म्हातारा होता. मेंढ्यांच्या फार्मवर एकटाच राहणारा. बोलता बोलता त्याचं तोंड एका बाजूला ओढलं जायला लागलं. मी डॉक्टरांना लाईनवर घेत होते. तो म्हणाला, "यू स्टिल देअर, लव?" आणि त्याचा चेहरा तसाच थिजला. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. मी फोनवरून ऑफिसला कळवलं, ॲम्ब्युलन्स पाठवा म्हटलं, आणि धावले. मागच्या दाराने, चपलांसकट, थेट पूजेत.

"नेट चालू करा. तिकडे माणूस मरतोय."

"शिवू नकोस," काकू ओरडल्या.

मी त्यांच्या मोबाईलला हात घातला. त्यांनी मागून माझे केस धरले, मुळापासून, आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. शिवू नकोस म्हणणारी बाई. माझे केस तिच्या मुठीत. मारताना यांना विटाळ होत नाही.

ओठ फुटला. काका पाटावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "डोक्यावर बसवलं की असंच होणार. जात दाखवलीच." आणि पुढे आमच्या जातीचं नाव घेतलं, थुंकावं तसं. झूमवर. गुरुजींसमोर. कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू.

मी काकूंचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. बांगड्या फुटल्या. त्या मटकन खाली बसल्या. मग देव्हाऱ्याखालचा राऊटर वायरीसकट उपटला आणि फरशीवर आपटला. पुन्हा आपटला. कलश लवंडला, शिरा सांडला. स्क्रीनवर गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. काकांचं इंग्रजी लगेच गोड झालं. "जस्ट अ मिसअंडरस्टँडिंग, मेट." पोलीस तरुण होता. त्याने मला ओठ पुसायला टिश्यू दिला आणि विचारलं, "सो दिस इज ऑल अबाउट द वाय-फाय?"

याला कुठून सुरुवात करून सांगायचं, मला कळेना. मग म्हटलं, "यस. राइट इट डाउन. आय ब्रोक द राऊटर, राइट दॅट टू. अँड राइट व्हाय शी हिट मी. आय विल स्पेल इट फॉर यू." सी, ए, एस, टी, ई. तो लिहीत होता. काका जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या कपड्यांच्या दोरीपाशी आले. हात जोडून. "झालं गेलं विसर. तू तक्रार मागे घे, मी लाईनला हो म्हणतो."

"हो म्हण," मी म्हटलं. "तक्रार राहील."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. राऊटर फुटल्यापेक्षा ते जास्त लागलं. "आणि नाही म्हणालास, तर पूजेचं रेकॉर्डिंग तुझ्याच पुण्याच्या नातेवाइकांकडे आहे. त्यात तुझा आवाज आहे. तो मी भाडेकरूंच्या ट्रायब्युनलपुढे वाजवीन."

म्हातारा जगला का, मला कुणी सांगितलं नाही. प्रायव्हसी असते. ऑफिसने मला शेवटची ताकीद दिलीय. आपलीच माणसं सांगतात, घर बदल, कटकट कशाला. बदलणार नाही. दुसरीकडेही मालक असेल, भिंत असेल, अच्छा असेल. याच भिंतीला भोक पडेल, माझ्या बाजूने, आणि तार माझ्या पलंगाशी येईल.

त्या नेटवर्कचं नाव मी ठरवलंय. यशूला या वेळी कॅम्पिंग सांगितलं नाही, खरं ते सांगितलं. मग तिने टॅबवर टाइप केलं आणि विचारलं, "आई, स्पेलिंग बरोबर आहे?" बरोबर होतं. महारीण.

वाय-फायचं नाव भिंतीला अडत नाही. काकूंनी मोबाईल उघडला की रोज ते त्यांच्या देवाच्या नावाशेजारी दिसेल. सकाळी, संध्याकाळी, पूजेच्या वेळी.

आता पुसून दाखव.