इतका प्रेमळ भाचा

उभी हयात रुग्णालयात परिचारिका म्हणून काढून मावशी निवृत्त झाल्या. आणि घरी बसलेल्या माणसाची अक्कलही निवृत्त होते, हे त्यांच्या भाच्याने ताबडतोब ओळखलं. तो स्वतः दिवसभर अनोळखी लोकांना फोन करून विमा त्यांच्या गळ्यात मारायचा. त्यामुळे फोनच्या उपद्रवाबद्दल त्याच्याहून मोठा जाणकार कुठे सापडणार?

एका रविवारी येऊन त्याने मावशींच्या मोबाइलवर अनोळखी नंबर बंद केले. त्या झपाट्यात औषधवाला बंद झाला आणि धाकट्या जाऊबाईही. जाऊबाईंबद्दल मावशींनी तक्रार केली नाही.

"पैसे मागितले की फोन ठेवायचा," भाच्याने बजावलं.

"आणि तूच मागितलेस तर?"

"मी कशाला मागेन?" भाचा दुखावला, चहा अर्धा टाकून गेला आणि कित्येक महिने फिरकला नाही. फोनही नाही. बहुधा तोही सुरक्षेचाच भाग असावा.

घरातला जुना लँडलाइन मात्र त्याच्या नजरेतून निसटला होता. एका दुपारी तो खणखणला.

"मावशी, मी बोलतोय गं!" आवाज रडवेला. "माझ्या गाडीखाली माणूस आला. पोलिसांनी धरलंय. वकिलाला आत्ताच्या आत्ता पैसे पाठवायला हवेत. कुणाला सांगू नकोस!"

मावशी स्टूल ओढून बसल्या.

"तुला लागलंय का रे?"

"माझं सोड गं. तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

मावशी सावध झाल्या. आपल्या मावशीला गुडघे आहेत, याची भाच्याला आजवर कल्पनाच नव्हती.

"कोण आहेस रे तू?"

"असं काय करतेस? तुझा भाचा!"

"माझा भाचा इतका प्रेमळ नाही," म्हणत मावशींनी फोन आपटला.

तरी मन चिंती ते वैरी न चिंती. त्यांनी मोबाइलवरून भाच्याला फोन लावला. त्याने तो कापला आणि मेसेज टाकला, 'कामात आहे.' हा मात्र अस्सल! मावशींचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पोलिसांना फोन करून तक्रार नोंदवली आणि भाच्यालाही मेसेज टाकून कळवलं.

संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना कळलं, की भाच्याच्या शिकवणीमुळे मावशी वाचल्या. कळवणारा अर्थात भाचाच. दुसऱ्या दिवशी तो ऐटीत आला.

"पण तू ओळखलंस कसं गं?"

मावशींनी जसं घडलं तसं सांगितलं. या वेळी त्याने चहा पूर्ण संपवला.

हल्ली तो रोज संध्याकाळी फोन करतो. आधी गुडघ्यांची चौकशी उरकतो, मग अर्धा तास आपल्या साहेबाच्या नावाने बोटं मोडतो. मावशी स्पीकर लावून भाजी निवडतात, मधूनच "अगंबाई!" म्हणतात आणि तो आवरतं घेऊ लागला की विचारतात, "इतक्यात? अरे, पण मग त्या साहेबाचं पुढे काय झालं?"