ठकूबाईच्या घरचं पाणी

आधीच माफी मागतो. मी आठवीतून शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, आणि शब्दही साधेच आहेत. पण ओतूरजवळच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात गाडी चालवायला लागल्यापासून इतके किस्से साठलेत, की नवा डोक्यात ठेवायचा तर जुना बाहेर काढावा लागतो. तोंडाने सांगायला मी लाजतो, म्हणून लिहितो.

दवाखान्यात आम्ही तिघं. शांताबाई सिस्टर, म्हणजे आमच्या नर्स. मी शमू, ड्रायव्हर. आणि गेल्या वर्षी नॉर्वेच्या एका चर्चकडून सेवेला आलेला एरिक. तोही नर्स. पगार नाही, एक वर्ष राहायचं आणि मिळेल ते काम करायचं. मराठी तो मोबाइलवर शिकून आला होता. उंच इतका, की दवाखान्याच्या दारात रोज डोकं आपटायचा आणि वर दारालाच "सॉरी" म्हणायचा!

शनिवारी संध्याकाळी प्रार्थना झाली की आम्ही ओट्यावर बसून आठवड्यातला एकेक अनुभव सांगायचो. सिस्टर सांगायच्या, एरिक सांगायचा. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "माझं काही नाही. गाडी बरी चालली."

* * *

एरिकला एक सवय. प्रत्येक पेशंटला तो विचारायचा, "दुखणं दहापैकी किती?"

एकदा ओट्यावर रांग लागली होती. पहिल्या बाबांचा गुडघा दुखत होता. त्यांनी विचार करून सांगितलं, "सहा."

मागची मावशी म्हणाली, "मग माझं सात लिवा. ह्यांच्यापरीस माझं दुखणं जुनं हाय."

तिसऱ्याचं नुसतं बोट कापलं होतं. तो म्हणाला, "नऊ!"

झालं! पहिले बाबा चिडून पुन्हा पुढे आले. "माझं धा करा! मी पहाटंधरनं बसलोय, हे बेनं आत्ता आलंय!"

एरिक बिचारा खोडतोय, लिहितोय, खोडतोय. तेवढ्यात कोपऱ्यात एक जण गुपचूप बसला होता, तो उठला. तो मावशीच्या सोबतीला आलेला.

"मला काय दुखत न्हाई, भाऊ," तो म्हणाला, "पण आलोच हाय तर पाच लिवून ठिवा!"

* * *

आठवड्यातून तीन दिवस आम्ही जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाकडच्या वाड्यांवर जातो. आमच्याकडे रिकामी गाडी नेणं म्हणजे पाप. रस्त्यात हात केला की थांबायचं. एरिकला हे माहीत नव्हतं. त्याने सीटा मोजल्या होत्या, सात. पहिल्याच दिवशी गाडीत अकरा माणसं, एक कोंड्याचं पोतं आणि दोन कोंबड्या.

एरिकच्या कपाळावर घाम! तो पुढच्या सीटवरून वळून, हात जोडून म्हणाला, "कृपा करून सीट बेल्ट लावा."

मागच्या एका आजोबांनी बेल्ट ओढून बघितला, खूश झाले आणि दोन्ही कोंबड्यांचे पाय त्यात करकचून बांधले.

"देवमाणूस हाय राव!" ते शेजारच्याला म्हणाले. "माझी दोरी घरीच ऱ्हायली व्हती, ते ह्याला बरोबर कळलं."

* * *

एरिकला दर महिन्याला त्याच्या चर्चला पत्र पाठवावं लागायचं. अनुभव लिहायचे आणि सोबत एक फोटो. पण माणूस सज्जन, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही.

एका वाडीवर बीपी तपासायला बाया जमल्या होत्या. त्याने विचारलं, "फोटो काढू का?"

बाया एकमेकींकडे बघून उठल्या आणि निघून गेल्या. सगळ्या! एरिकचं तोंड उतरलं. "मी चुकीचं बोललो का, शमू?"

तासाभराने बाया परत आल्या. कुणी पैठणीत, कुणी नथ घालून. सगळ्यांच्या मागून, काठी न घेता, तरातरा चालत हौसाबाई आल्या. आदल्याच आठवड्यात त्यांना उठवत नाही म्हणून आम्ही खाटेजवळ जाऊन गोळ्या दिल्या होत्या!

सिस्टर म्हणाल्या, "एरिक, गोळ्या बंद कर. रोज एक फोटो दे."

* * *

आता ठकूबाईंचं सांगतो.

ठकूबाई म्हणजे त्याच वाडीच्या टोकाला राहणारी, साठी ओलांडलेली बौद्ध बाई. मुलगा चाकणला कंपनीत, घरी एकटीच. शुगर होती, आणि डाव्या पायाला जखम. सिस्टरांनी पाय बघितला आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "एक दिवसाआड नीट ड्रेसिंग झालं तर पाय वाचेल. नाहीतर महिन्याभरात कापावा लागेल." हेच एरिकला सांगून ते काम त्याच्याकडे दिलं.

एरिक पहिल्यांदा गेला तेव्हा मी सोबत होतो. ठकूबाईंनी त्याला पाट दिला, घासलेल्या तांब्यात पाणी आणलं. एरिक हसला आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढून दाखवली. "नको, धन्यवाद. माझं पाणी आहे." येताना त्याला तसंच शिकवून पाठवलं होतं, उकळलेल्याशिवाय पाणी प्यायचं नाही.

ठकूबाईंनी तांब्या खाली ठेवला. पाय पदराखाली घेतला.

"पाय बरा हाय माझा. जावा तुमी."

त्यानंतर आम्ही तीनदा गेलो. तीनदा दार बंद. आत त्या खोकायच्या, ते ऐकू यायचं.

एरिकला वाटलं, मिशनचा माणूस म्हणून घाबरतात. त्याने मला विचारून एक वाक्य पाठ केलं आणि चौथ्यांदा दारासमोर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "ठकूबाई, आम्ही धर्म बदलायला आलो नाही. आम्ही पाय बघायला आलो."

आतून आवाज आला, "धर्म आमच्या सासऱ्यानंच बदललाय, बाबा. तू पाण्याचं बोल!"

एरिक माझ्याकडे वळला. "काय म्हणाल्या?"

मला सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण एवढ्या दुरून आलेल्या माणसाला तू चुकलास कसं सांगायचं? मी म्हणालो, "नंतर या म्हणतात."

खोटं बोललो. आणि दवाखान्यात परतल्यावर सिस्टरांनी विचारलं, "जखमेचा वास येतोय का रे घरातून?" वास येत होता.

* * *

त्या शनिवारी ओट्यावर एरिक म्हणाला, "माझा अनुभव एकच. मला एक दार उघडता आलं नाही."

मग माझी पाळी. मी नेहमीसारखा "गाडी बरी" एवढं बोललो आणि पुढे जिभेला कुलूप लागेना.

मी म्हणालो, "माझ्या आजीला लहानपणी लोक वरून पाणी ओतायचे. ती खाली ओंजळ धरायची. भांड्याला हात लावायचा नाही. आणि तिच्या हातचं पाणी तर कुणी प्यायचंच नाही. म्हणून आमच्या घरी पाहुणा आला की ती आधी पाणी द्यायची आणि तो पितो का ते बघत उभी राहायची. ठकूबाई पण त्या दिवशी उभ्या होत्या, एरिकभाऊ. मी बघितलं आणि बोललो नाही."

एरिक बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत-लावत बसला.

सिस्टर म्हणाल्या, "विहिरीचं पाणी आहे तिथलं. तुझ्या पोटाला झेपायचं नाही."

एरिक म्हणाला, "पोट दहा दिवसांत बरं होतं, सिस्टर. पायाचं तुम्ही सांगितलंत."

* * *

सोमवारी आम्ही तिघंही गेलो. एरिकने बाटली गाडीतच ठेवली. दारासमोर उभा राहून तो म्हणाला, "ठकूबाई, ऊन फार आहे. पाणी द्या."

आत काही हललं नाही. मग कडी वाजली.

ठकूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. हातात तांब्या. एरिकने दोन्ही हातांनी घेतला. वरून ओतून प्यायची त्याला सवय नव्हती, सरळ तोंड लावलं आणि अर्धा तांब्या प्याला. ठकूबाई बघत होत्या. त्याने तांब्या परत दिला, तर त्यांनी न विसळता, न पुसता त्याच तांब्याला तोंड लावलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मग पाटावर बसल्या आणि पाय पुढे केला. "बांध."

सिस्टरांनी जखम बघितली. त्या कधी देवाचं नाव मोठ्याने घेत नाहीत, त्या दिवशी घेतलं. "करंगळीचं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण पाय राहील. आता रोज यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी एरिक खाटेवर, हाताला सलाइन. मी आणि सिस्टर दोघंच वर गेलो.

ठकूबाईंनी विचारलं, "पावणं कुठं?"

मी म्हणालो, "मंचरला गेलेत. मीटिंग आहे."

"पाणी बाधलं न्हवं त्याला?"

मी ड्रेसिंगची पिशवी उघडायला लागलो.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "ह्या दिवसांत आमालाबी बाधतं."

सिस्टर पट्टी सोडता सोडता थांबल्या. "मग दिलंत कशाला हो?"

"त्यानं मागितलं की!"

चुलीवर मोठं पातेलं होतं. पहाटेच उकळून, फडक्यातून गाळून ठेवलेलं पाणी. ठकूबाईंनी ते कळशीत ओतलं, वर ताटली ठेवली आणि कळशी माझ्या हातात दिली. "त्याला ने. आन् सांडू नगंस."

मी कळशी गाडीत सिस्टरांच्या मांडीवर ठेवली आणि सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो.