घाटापलीकडचं ऊन

मंडळी, आज अर्ध्या वाटेतून परत आले. दुपारी आटपाडीला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून पहाटेच रत्नागिरीहून एसटीत बसले होते.

आंबा घाटात गाडी थांबली. पुढे दरड कोसळली होती. कंडक्टर म्हणाले, "आज काय घाट सुटायचा नाय. गाडी परत जाणार."

धो धो पावसात उभं राहून आईला फोन केला.

"पाऊस?" ती म्हणाली. "हितं तर कडक ऊन पडलंय. जमत नसंल तर तसं सांग की."

मी शाळेत भूगोल शिकवते. ढग सह्याद्रीच्या अलीकडेच रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया, हे फळ्यावर कितीदा काढून दाखवलंय. आईला मात्र काहीच समजावता आलं नाही.

रस्त्यावर आलेल्या लाल मातीचा आणि काळ्या दगडांचा फोटो काढला. पण पाठवून काय उपयोग? तिला दिसत नाही, म्हणून तर ऑपरेशन होतं.

ती शेजारच्या काकूंबरोबर गेली. सगळं नीट झालं, असा काकूंचा फोन आला. आई बोलली नाही.

आता खोलीवर एकटीच बसलेय. तुमचं कुणी घाटापलीकडे असेल, तर इथला पाऊस त्यांना कसा सांगता?