तीन दिवसांचा अंदाज आणि आमची तूर

माझे मालक ट्रक चालवतात. हिवाळ्यात त्यांची फेरी पंजाब-हरियाणाकडं असली की मी रोज मोबाइलवर देशभराचा हवामान अंदाज ऐकते. धुकं कुठं, थंडीची लाट कुठं, एवढं कळलं की बंद करते.

त्या सकाळी हात पिठात होते, म्हणून फोन चालूच राहिला. पुढच्या तीन दिवसांचं सांगत होते. उत्तरेत दाट धुकं, हिमाचलात बर्फ, तमिळनाडूत सरी. आणि आमच्या मराठवाड्यात परवा दुपारनंतर विजांसह पाऊस, काही ठिकाणी गारा. भाकरी तव्यावर करपली. आमची सगळी तूर कापून शेतात वाळत पडली होती.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. आमच्या चकलांब्याच्या शिवारात त्यांचा जन्म गेलेला. ते ओट्यावर चहा पीत होते.

“मामा, परवा पाऊस सांगितलाय. तूर उद्याच मळून घेऊ.”

त्यांनी वर पाहिलं. आभाळ लख्ख निळं. “कुठला पाऊस? ढगाचा तुकडा न्हाई. चार दिस अजून वाळू दे.”

“वाळलीय. शेंग दाबली की तडकते.”

“तिकडं बसून सांगणाऱ्याला आपलं शिवार काय ठावं?”

मी मालकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ते हरियाणात एका ढाब्यावर अडकले होते. “म्होरचा ट्रक दिसंना,” ते म्हणाले. “तू काल सांगितलंस ना, तसंच धुकं आलं बघ.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठत म्हणाले, “कर तुला काय करायचं ते.”

गावातलं मळणीयंत्र दुसऱ्यांकडं लागलं होतं. मी तडक गेवराई गाठली. तिथले एक मिस्त्रीचाचा यंत्र भाड्यानं देतात. त्यांच्या यंत्राचा पट्टा तुटला होता.

“भाभी, परवा या.”

“चाचा, परवा पाऊस हाय.”

त्यांनीही वर पाहिलं आणि ते हसले. “पक्का?”

“पक्का न्हाई, अंदाज हाय. पण पडला तर तूर काळी पडंल.”

त्यांनी हात पुसले. “बसा. नवा पट्टा टाकतो.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते ट्रॅक्टरला यंत्र जोडून हजर झाले. गल्लीतल्या बाया मदतीला आल्या. धुरळ्यानं आमच्या पापण्या पांढऱ्या झाल्या, पण दुपारपर्यंत शेवटचं पोतं शिवलं. तेवढ्यात बांधाशेजारची जाऊ धावत आली. “आमची बी काढून द्या की!” चाचांनी यंत्र तिच्या शेतात वळवलं. उरलेली तिची तूर तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली.

त्या दुपारी वारा सुटला. जावेची पोती घरात गेली आणि टपोऱ्या थेंबांपाठोपाठ पत्र्यावर गारा वाजू लागल्या. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. जावेनं मला मिठी मारली. आम्ही दोघी दारात उभ्या राहून लहान पोरींसारख्या हसत सुटलो.

मामा पोत्यांवर हात ठेवून उभे होते. पावसानं आडोशाला आलेल्या माणसांना ते मोठ्यानं सांगत होते, “आमच्या सूनबाईनं सांगितलं. मी तर न्हाई म्हणलो होतो.”

मग माझ्याकडं वळून म्हणाले, “उद्याचं काय सांगत्यात, लाव बरं. समद्यांना ऐकू दे.”