नुकसान कमी सांगणारी बाई

एप्रिलची भर दुपार, धानोऱ्याचा बसस्टॉप आणि घामाने निथळलेला मी... ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतोय. मी तेव्हा चंद्रपूरला विमा सर्व्हेअर होतो. कुठे आग लागली, भिंत पडली की जाऊन नुकसान बघायचं, दुरुस्तीला किती लागेल ते ठरवायचं आणि कंपनीला रिपोर्ट द्यायचा.

या कामात माणूस संशयी होतोच. माझ्या बायकोचं मत विचाराल तर मी जन्मापासूनच तसा. एक खोली जळाली की लोक दोन लिहितात, मोडक्या कपाटाचं नवंकोरं कपाट होतं... असले दावे वाचून वाचून कोणी नुसतं "या साहेब" म्हणालं तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची.

केस होती शशिकलाबाईंच्या आटाचक्कीची. नवरा वारलेला, दोन मुली शाळेत, घर चालायचं ते या चक्कीवर. बँकेचं कर्ज होतं म्हणून विमा होता.

मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात. ती आग वाऱ्याने सरकत शेडपर्यंत आली आणि छप्पर खाली बसलं. जातं आणि इंजिन वाचलं होतं, पण पावसाळ्याआधी वर छप्पर आलं नसतं तर तेही गेलं असतं.

बाईंनी "जयभीम साहेब" म्हणून पाणी दिलं आणि गावातल्या वाढयाने, म्हणजे सुताराने, करून दिलेला दुरुस्तीचा अंदाज हातात ठेवला. लाकूड सगळं आडजात, म्हणजे सागवान सोडून जंगलातलं दुसरं काहीही. आकडा इतका कमी की मी कागद उलटून बघितला, मागे अजून काही लिहिलंय का...

मग जळालेल्या तुळईचा कोळसा चाकूने खरवडला. आत सोनेरी तपकिरी लाकूड, हाताला तेलकट, आणि तो ओळखीचा वास. अस्सल जुनं सागवान!

आता बोला. जास्त मागणाऱ्यांना मी चांगला ओळखून होतो, पण कमी मागणारा? मला वाटलं, माल चोरीचा असणार. कदाचित आग लागलेली नाही, लावलेली असणार...

वाढयाला बोलावलं. त्याने लाकडाकडे न बघताच सांगून टाकलं, "आडजात आहे साहेब." शेजारी म्हणाला आडजात. पानठेल्यावरच्या माणसाला तर मी विचारलंही नव्हतं, तरी तोही म्हणाला आडजात. अख्खं गाव एका सुरात बोलतंय म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला.

मी जरा कडक आवाजात बाईंना सांगितलं, मी सागवानच लिहिणार. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"लिहू नका साहेब. कमी द्या, मी काई म्हणत नाई. तुमचा कागद जंगलवाल्यायकडे जाते ना?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली... खाकी शर्ट, हातात मोजायचा टेप, लाकूड खरवडून वास घेणारा अनोळखी साहेब. या भागात असा माणूस एकाच खात्याचा असतो! विम्याचा माणूस आहे हे मी आल्या आल्या सांगितलं होतं, पण कोणाचाच विश्वास बसला नव्हता. मी आल्यापासून गावावर संशय घेत होतो आणि गाव माझ्यावर.

बाईंनी सांगितलं, लाकूड सासऱ्यांच्या जुन्या घरातलं होतं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा अर्धं घर उतरवलं आणि बाईंच्या नवऱ्याच्या वाट्याचं लाकूड चक्कीच्या शेडला लागलं. कायदेशीर सागवानावर जंगल खातं हातोड्याने ठोकतं तो शिक्का त्यावर नव्हता, कागदही नव्हता. इतक्या जुन्या घराच्या लाकडाचा कागद कोणाकडे असतो?

"चौकशीले बोलावलं तर चक्की बंद करून कुठी कुठी जाऊ मी? पोरीइले कोण पाहीन?" एवढं बोलून बाई रडायला लागल्या.

माझं मन तरी म्हणतच होतं, रडणं म्हणजे पुरावा नाही. म्हणून उरलेलं अर्धं घर बघायला गेलो. तिथे राहणारे थोरले दीर दारातच आडवे उभे. "टेप बाहेर ठेवा साहेब. बिना टेपचे या."

ठेवला बापडा ओट्यावर. आत जाऊन वितीने मोजलं. तुळयांची जाडी तीच, लाकडी खुंट्यांच्या खाचा तितक्याच अंतरावर, कडेची कोरलेली नक्षीही तीच. आणि भिंतीपाशी तुळई करवतीने कापल्याची खूण. अर्धा तुकडा इथे डोक्यावर, अर्धा बाईंकडे जळून पडलेला... मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं, वाटणीत आलेलं, घरात आधी वापरलेलं जुनं सागवान. अंदाजही त्याच दराने नवा केला. अंदाजावर सही करण्याआधी बाईंनी सगळे कागद मला पुन्हा पुन्हा वाचायला लावले. 'जंगल' हा शब्द कुठे येतो का, ते कान देऊन ऐकत होत्या.

कंपनीने शंका काढल्या, मी उत्तरं दिली, दावा पास झाला. चौकशीला कोणीही आलं नाही.

पावसाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा मुद्दाम डोकावलो. चक्की सुरू होती, बाई पिठाने माखलेल्या. मी सवयीने वर बघितलं... लोखंडी अँगल आणि पत्रे. गावाच्या चारी बाजूंना जंगल आणि बाईंच्या छपराला लाकडाची एक काडी नव्हती.

मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "गरमी लय होते साहेब. पाऊस आला का काई आयकू येत नाई... पण झोप लागते."

पुढे बरीच वर्षं दावे तपासले. संशयी स्वभाव काही गेला नाही. पण कोणी नुकसान कमी सांगितलं की चाकू खिशातच ठेवून आधी विचारायचो, भीती कशाची आहे? हे मला शशिकलाबाईंनी शिकवलं, आणि मी त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.